हौशी आयरिश नाचाला लागणारा फिटनेस

आयरिश डान्स म्हटलं की १९९४ च्या डब्लिनमधल्या युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा झालेला रिव्हरडान्स हा नाच डोळ्यांपुढे येतो, पण आयर्लंडमध्ये निव्वळ हौसेखातर नाचणारी मोठी माणसं बहुतेक केयली (सगळ्यांनी मिळून करायचा समूहनाच) नाहीतर सेट डान्सकडे (चार जोड्यांचा नाच) वळतात, आणि सोलो, म्हणजे एकट्याने नाचणं, धरून या तिन्ही प्रकारांना लागणारा दम अगदी वेगवेगळा आहे.

केयलीमध्ये पावलं सोपी असतात, पण थांबायची सोय नसते. ‘सीज ऑफ एनिस’ नावाच्या केयली नाचात चार जणांची ओळ समोरच्या चौघांपुढे उभी राहते, पुढे-मागे जाणं, आडवी सात पावलं, हात धरून गोल फिरणं, मग एक ओळ दुसरीच्या हातांच्या कमानीखालून पलीकडे जाते की समोर नवे चौघे हजर, आणि हे वादक थांबेपर्यंत चालू. मधेच दम खायला बाहेर पडलात तर बाकीचे सात जण अडकतात. हॉलच्या टोकाला पोचलात तर एक फेरी उभं राहायला मिळतं, तेवढाच काय तो ब्रेक.

सेटमध्ये चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि दोन फिगर्सच्या (नाचाच्या भागांच्या) मधे थोडी उसंत मिळते, त्यामुळे पन्नाशी-साठी उलटलेली मंडळीही आरामात नाचताना दिसतात (दरवर्षी जुलैमध्ये काउंटी क्लेअरच्या मिलटाउन मालबेला विली क्लान्सी समर स्कूल भरतं, तिथे तर सेटचे वर्गच असतात). इथे खरी परीक्षा जोडीच्या स्विंगची. फुगडीसारखंच, वजन मागे टाकून जोडीदाराच्या आधाराने गरगर फिरायचं, आणि पाय दमायच्या आधी डोकं गरगरतं. क्लेअरकडे सेटमध्ये ‘बॅटरिंग’ करतात म्हणजे पाय आपटून ताल धरतात, त्यात पोटऱ्या चांगल्याच भरून येतात.

सोलो म्हणजे मात्र सरळसरळ उड्यांचा खेळ. टाचा वर, गुडघे ताठ, हात अंगाशी सरळ, त्यामुळे तोल सावरायला हातांची मदत नाही आणि सगळा भार घोटे, पोटऱ्या नि पोटापाठीच्या स्नायूंवर. खाली येतानाही गुडघा फारसा वाकवत नाहीत, धक्का चवड्यावर येतो. एक स्टेप संगीताचे आठ बार (तालाची आवर्तनं) उजव्या पायाने केली की तीच डाव्याने, त्यामुळे कच्चा पाय लगेच उघडा पडतो. बघणाऱ्याला वरचं अंग स्थिर दिसतं म्हणून हे सोपं वाटतं, पण नाचणाऱ्याला मिनिटभरात धाप लागते.

दुखापतीही त्यामुळे ठरलेल्या: नडगी दुखणं, अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) दुखावणं, तळव्याची सूज, घोटा मुरगळणं आणि फार ओढलं तर पावलाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर. चाळिशीनंतर एकदम सोलो सुरू करणाऱ्यांनी आधी काही आठवडे टाचा उचलायचे व्यायाम करावेत, एका पायावर तोल धरायची सवय करावी, उड्या नंतर; माझं मत विचाराल तर आधी केयलीच शिकावी, स्टॅमिना आपोआप येतो. नाचायच्या आधी चालून-फिरून अंग गरम करायचं, नुसतं पाय ताणून भागत नाही.

फरशी बघणं लोक विसरतात. सिमेंटवर पातळ टाइल असेल तर तिथे हार्ड शू (सोलोत ताल वाजवायचे कडक बूट) घालून उड्या मारूच नयेत, कारण त्या बुटांना पुढे नि टाचेला फायबरग्लासचे कडक ठोकळे असतात, धक्का शोषणारं काही नसतं. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन मिळत नसेल तर त्या दिवशी साधे बूट घालून पावलं नुसती चालून बघितलेली बरी.