छोट्याशा डेकवरून विमान उडतं कसं? जुनी विक्रांत ते नवी विक्रांत

जुन्या विक्रांतचा, म्हणजे आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजाचा विषय निघाला की गाडी थेट १९७१ वर येते, पण त्या युद्धात तिचा एक बॉयलर, म्हणजे जहाज चालवणारी वाफ बनवणारी टाकी, तडकलेला होता हे फार जणांना माहीत नसतं. चारातला एक गेला तर काय एवढं, असं वाटेल. पण विमानाला उडायला पंखांवरून जोरात हवा वाहायला लागते आणि धावपट्टी तर इथे जहाजाएवढीच, म्हणून जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात पळतं, म्हणजे विमान जागेवर उभं असतानाच त्याला समोरून वारा मिळतो. उरलेलं काम कॅटापल्टचं, म्हणजे वाफेच्या जोरावर विमानाला खेचून पुढे भिरकावायचं, आणि ती वाफ पण त्याच बॉयलरची! तरीही ४ डिसेंबरला तिच्यावरची सी हॉक लढाऊ विमानं उडाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले झाले.

हे जहाज मुळात ब्रिटिशांचं हर्क्युलिस, महायुद्धात बांधायला घेतलेलं आणि अर्धवट पडून राहिलेलं. आपण १९५७ ला विकत घेतलं, बेलफास्टला पूर्ण करून १९६१ ला नौदलात आलं.

१९८३ पासून सी हॅरियर विमानं आली आणि गणितच बदललं. ही विमानं थोड्या अंतरात उडू आणि सरळ खाली उतरू शकायची, त्यामुळे नंतर कॅटापल्ट काढून डेकच्या टोकाला चढ बसवला, त्याला स्की-जंप म्हणतात. आता चढावर तर विमानाचा वेग कमी होणार, मग फायदा काय? तर डेक सोडताना विमानाकडे उडण्याइतका वेग नसतोच, पण चढामुळे ते वरच्या दिशेने फेकलं जातं आणि खाली येण्याआधी जे काही सेकंद मिळतात त्यात इंजिन हवा तो वेग गाठून देतं. साधी आयडिया आहे पण जबरदस्त. एकच तोटा, फार वजन घेऊन उडता येत नाही, इंधन नाहीतर बॉम्ब कमी करावे लागतात.

१९८७ ला आलेल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर, विराटवर, म्हणजे फॉकलंड युद्धातल्या ब्रिटिशांच्या हर्मिसवर, हा चढ १२ अंशांचा होता. २०१३ च्या विक्रमादित्यवर १४ अंशांचा. तिच्यावरचं मिग-२९के काही सरळ खाली उतरत नाही, मागचा हुक डेकवरच्या जाड वायरमध्ये अडकवून थांबवतात. आणि गंमत म्हणजे चाकं टेकताच पायलट इंजिन फुल करतो, कारण वायर चुकली तर लगेच परत उडायला लागतं. बाकी बॉयलरने इथेही छळलंच, २०१२ च्या चाचण्यांत ते बिघडले आणि डिलिव्हरी लांबली.

कोचीनला बांधलेल्या नव्या विक्रांतवर बॉयलरची भानगडच नाही, चार गॅस टर्बाइन आहेत. २ सप्टेंबर २०२२ ला ती दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाचा नवा झेंडा आला, शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेला. चढ आणि वायर मात्र इथेही आहेतच.

या चढाची आणि वायरची प्रॅक्टिस जमिनीवर होते, गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर, तिथे डेकसारखाच चढ बांधलाय. आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीच्या चाचण्या तिथेच झाल्या आणि जानेवारी २०२० मध्ये कमोडोर जयदीप मावळणकरांनी ती विक्रमादित्यवर उतरवली. फ्रान्सचं राफेल-एम तर कॅटापल्टसाठी बनलेलं, त्यामुळे आपल्या चढावरून ते उडतं का हे आधी २०२२ ला गोव्यात बघितलं, मग २०२५ ला २६ विमानांचा करार झाला.