ड्युटी लावली की सोयाबीनचा भाव वाढतो? नाही भाऊ

नागपूरच्या कळमना मार्केटात सोयाबीनच्या ढिगापाशी कोणीतरी ठोकून देतेच, 'बाहेरच्या तेलावर ड्युटी लावली की आपला भाव वर'. राजेहो, इतकं सोपं नाही ते. सप्टेंबर 2024 मधे कच्च्या खाद्यतेलावरची बेसिक ड्युटी, म्हणजे आयात कर, शून्यावरून 20 टक्के केली, रिफाइंडवर 12.5 ची 32.5, तरी त्या सीझनला बहुतेक माल क्विंटलमागे 4892 रुपयांच्या हमीभावाखालीच गेला. काहून? दाण्यात तेल जेमतेम 18-20 टक्के, बाकी ढेपच जास्त, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, अन् ढेपेचा भाव पडला की सोयाबीनचाही पडतो. वरून साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाचा व्यापार करार, त्यात नेपाळचं तेल बिनड्युटीचं, मग तिथले कारखाने कच्चं तेल बाहेरून आणतात, रिफाइन करतात अन् इकडे पाठवतात. नेपाळात तेवढं सोयाबीन पिकतेच कुठं!