छोट्या इंजिनाला थंडी जास्त वाजते

पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा इंजिन फिरलं नाही, थुंकलं. नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, पाटावर ठेवलेलं वीतभर पितळी यंत्र. फ्लायव्हीलला बोटाने झटका दिला, कसेबसे दोन फेरे झाले, सिलिंडरच्या कडेने कढत पाण्याची चूळ थेट माझ्या चष्म्यावर आली आणि सगळं गप्प. आतून आईचा आवाज, "झालं असेल तर लायटर दे परत. कुकर लावायचाय."

ठाणेकराने वाफेच्या इंजिनावर लिहायचं आणि १८५३ काढायचं नाही, असं होत नाही. तर ते उरकून घेतो: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. त्यांच्यातल्याच एखाद्याची छोटी प्रतिकृती करावी असं माझ्या डोक्यात होतं. कागदावर चार रेघा ओढल्यावर डोकं ताळ्यावर आलं. नवख्याने हात घालावा तो झुलत्या सिलिंडरच्या इंजिनाला.

रेल्वेच्या मोठ्या इंजिनात सिलिंडर जागचा हलत नाही आणि वाफ आत घ्यायला, बाहेर सोडायला वेगळी झडप लागते. झुलत्या प्रकारात सिलिंडरच एका खिळीवर पाळण्यासारखा डुलतो. त्याला एकच भोक. मागच्या पट्टीत दोन भोकं: एक बॉयलरकडून येणारं, दुसरं मोकळ्या हवेत उघडणारं. सिलिंडर एका बाजूला झुकला की त्याचं भोक पहिल्यासमोर येतं, वाफ आत शिरते, दट्ट्या ढकलला जातो. दुसऱ्या बाजूला झुकला की वापरलेली वाफ बाहेर. मधोमध असताना दोन्ही बंद. म्हणजे डुलणं हीच झडप. जत्रेतल्या खेळण्यांत शोभावी अशी युक्ती आहे, पण झुलते सिलिंडर एकेकाळी खऱ्या जहाजांतही होते.

माझा सिलिंडर आतून १० मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल २० मिलिमीटर. वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरकाकांनी लेथवर काढून दिला. "कशाचा पार्ट आहे?" त्यांनी विचारलं. वाफेचं इंजिन म्हटल्यावर चष्म्यावरून बघितलं आणि "किती नग?" एवढंच म्हणाले. एक नग, हे ऐकून पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजावा लागला.

घरचं खरं काम म्हणजे सिलिंडर आणि पट्टी जिथे एकमेकांवर घासतात ते दोन पृष्ठभाग सपाट करणं. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, तेलाचा थेंब टाकायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यात घासत राहायचं. मध्येच मार्करची निळी शाई फासून पुन्हा दोन हात मारायचे. उंचवट्यावरची शाई जाते, खळग्यातली राहते. माझ्या पट्टीच्या एका कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा निळा ठिपका तीन संध्याकाळी राहिला. तो गेला तेव्हा पितळावर पितळ ठेवून वरचं उचललं, तर खालचं क्षणभर चिकटून वर आलं.

एवढं करूनही ते थुंकलं का?

सिलिंडर आणि त्याच्याभोवतीचं पितळ मिळून ६० ग्रॅम भरतं. ते ३० अंशांवरून ११० पर्यंत तापवायला सुमारे १,८०० ज्यूल उष्णता लागते. ती देणार कोण? वाफ. ती देताना वाफेचं पुन्हा पाणी होतं. हिशेब केला तर ०.८ ग्रॅम वाफेचं पाणी होतं, म्हणजे ०.८ मिलिलिटर. ऐकायला किरकोळ, पण माझ्या सिलिंडरची पोकळीच मुळी दीड मिलिलिटरची! नुसतं अंग तापवण्यात निम्म्या सिलिंडरइतकं पाणी तयार होतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून दट्ट्याने स्प्रिंगने पट्टीवर दाबून धरलेला सिलिंडर उचलून ते बाहेर फेकलं. माझ्या चष्म्यावर. वाफेची गाडी सुटताना इंजिनाच्या दोन्ही अंगांनी फुसकारे उडायचे, ते आठवत असतील तर कारण हेच. ड्रायव्हर आधी सिलिंडरच्या तळाच्या तोट्या उघडून साचलेलं पाणी काढून टाकायचा.

पण तापल्यावरही माझं इंजिन धापाच टाकत होतं. इथे कपबशी आठवावी. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण चहा तेवढाच, हवेला लागणारं अंग जास्त. सिलिंडरचंही तसंच. व्यास जितका लहान, तितकी आतल्या वाफेच्या वाट्याला भिंत जास्त. व्यास तिसाव्या हिश्श्याइतका केला की प्रत्येक घोटभर वाफेला तीसपट भिंत भेटते आणि भिंत म्हणजे उष्णतेची चोरवाट. नकाशा लहान करता येतो, निसर्गाचे नियम त्याच प्रमाणात लहान होत नाहीत.

हीच अडचण १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठात जेम्स वॉटच्या टेबलावर आली होती. तो तिथे उपकरणं दुरुस्त करायचा आणि खाणीतलं पाणी उपसणाऱ्या न्यूकमनच्या इंजिनाचं वर्गात दाखवायचं मॉडेल त्याच्याकडे आलं. डडली किल्ल्याजवळच्या १७१२ सालच्या न्यूकमन इंजिनाचा सिलिंडर २१ इंचांचा, या मॉडेलचा फक्त २. मॉडेल दोनचार हेलकावे खाऊन थांबायचं, बॉयलरची वाफ पुरायचीच नाही. न्यूकमनच्या रचनेत प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्येच थंड पाणी फवारून वाफ जिरवायची, म्हणजे तोच सिलिंडर तापवा आणि गार करा. मोठ्या इंजिनात ही उधळपट्टी चालून जायची, बाजूला बहुधा कोळशाची खाण असायची. मॉडेलमध्ये ती उघडी पडली. १७६५ मध्ये वॉटला तोड सुचली: वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन जिरवायची आणि सिलिंडर कायम गरम ठेवायचा. १७६९ मध्ये पेटंट. मॉडेल नीट चाललं असतं तर ते बिचारं कपाटात परत गेलं असतं. आज ते ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

माझ्यापुरता उपाय साधा होता. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं सिलिंडरला आणि वाफेच्या नळीला सुती दोरीचे वेढे दिले. फोनच्या स्लो-मोशनमध्ये मोजलं: सेकंदाला २४० चित्रं आणि एका फेऱ्याला २४. म्हणजे मिनिटाला ६०० फेरे. गॅलरीच्या कठड्यावरची स्टीलची वाटी त्या सुरात वाजायला लागली.

लहान असण्याचा एक फायदा मात्र घसघशीत आहे. बॉयलरच्या भिंतीवरचा ताण व्यासाच्या प्रमाणात वाढतो. माझा बॉयलर ५० मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी, पत्रा १ मिलिमीटर, दाब १ बार. तांबं जेवढं सोसतं त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकाही ताण त्यावर येत नाही. नळीपेक्षा जपायचे ते दोन टोकांचे सांधे. ते चांदीच्या डागाचे हवेत. साधं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतं. बॉयलरमध्ये पाणी आहे तोवर ठीक, कोरडा पडला की खेळ खलास. आणि चाचणी दुप्पट दाबाने, पण गार पाणी भरून. पाण्याच्या दाबाने सांधा सुटला तर फरशी भिजते, वाफेच्या दाबाने सुटला तर हॉस्पिटल.

कुकरला नळी जोडून इंजिन चालवायचा मोह अनेकांना होतो. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कुकरच्या आत पाणी १२० अंशांवर असतं. नळी तुंबून झाकण उडालं तर ३ लिटर पाण्यातल्या सुमारे ११० ग्रॅमची क्षणात वाफ होते, आणि ती जागा मागते १८० लिटर. माझ्या बॉयलरमध्ये पाणीच १०० मिलिलिटर, तरी सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय मी काडी ओढत नाही.

आता जमाखर्च. १ बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. माझ्या दट्ट्यावर येतो ८०० ग्रॅमचा रेटा. सेकंदाला १० फेरे धरले तर शक्ती होते जेमतेम दीड वॉट, तीही घर्षण आणि गळती सोडून. खाली स्पिरिटचा दिवा २५ मिनिटांत २५ मिलिलिटर स्पिरिट पितो, म्हणजे ३५० वॉट. शंभरातला अर्धा भागही चाकापर्यंत पोचत नाही. बाकीची उष्णता गॅलरीला. आईला हा आकडा सांगितला. ती म्हणाली, "तेवढ्यात वरण-भात झाला असता." हिशेबाने बरोबरच आहे तिचं.

पुढच्या रविवारी वाफेची नळी पुन्हा एकदा ज्योतीतून फिरवून आणणार आहे. वाफ कोरडी झाली की भिंतीला टेकताच तिचं पाणी व्हायचं नाही. तांब्याची नळी लाल करून पाण्यात बुडवली, आता ती दोरीसारखी वळते. पेन्सिलीभोवती तीन वेढे घालून ठेवलेत.