दीर्घपल्ल्याची सायकलस्वारी आणि प्रकार १ मधुमेह

सलग अनेक तास किंवा दिवस चालणाऱ्या सायकल-उपक्रमात प्रकार १ मधुमेह असलेल्या स्वाराने इन्सुलिन, आहार व श्रम यांचा मेळ घालण्याची पद्धती. या प्रकारात शरीराची प्रतिक्षमता यंत्रणाच स्वादुपिंडातील बीटा कोशिका नष्ट करते, त्यामुळे इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. प्रकार २ मधुमेहात व्यायामाची उद्दिष्टे व धोके वेगळे असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

मधुमेह्याला श्रम सांगण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय ११) प्रमेहाचे (मधुमेहासह मूत्रविकारांचा प्राचीन वर्ग) सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्त (चुकीच्या आहारविहाराने होणारा) असे दोन भेद येतात. पहिल्यातील रोगी कृश, दुसऱ्यातील स्थूल. निर्धन व आप्तहीन रोग्याने पादत्राणे व छत्रीशिवाय, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. योजन या अंतराच्या जुन्या मापाचे मान ग्रंथागणिक बदलते. ते १२-१३ किमी. धरले तर हे अंतर फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकल-उपक्रमाच्या १,२०० किमी.ला येऊन भिडते. हा अर्थात निव्वळ योगायोग. सहज प्रमेह म्हणजेच आजचा प्रकार १, असे समीकरण काही संकलकांनी मांडले आहे. ते जपून स्वीकारावे लागते. सहज प्रमेहाचे कारण संहितेत मातापित्यांच्या बीजदोषात सांगितले आहे, तर प्रकार १ जन्मानंतर, बहुधा बालपणी वा तारुण्यात, उद्भवतो. इन्सुलिनपूर्व काळात असे रोगी फार दिवस जगतही नसत. खुद्द संहितेचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत वेगवेगळा धरला जातो आणि तिच्यावर नंतरचे संस्कार झाले आहेत. चालण्याच्या उपदेशानंतर 'कृशाला मात्र सतत जपावे' अशी पुस्ती येते. तिचा विचार करता शंभर योजनांचा उपचार स्थूल रोग्यासाठी होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आधुनिक विचाराचा आरंभ इन्सुलिननंतरचा. टोराँटो येथील बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड व कॉलिप यांच्या १९२१-२२ मधील कामाबरोबर रुमानियाच्या पाउलेस्कु यांच्या १९२१ च्या प्रबंधांचाही अग्रहक्क सांगितला जातो. रोग्यावरील यशस्वी उपचार मात्र जानेवारी १९२२ मध्ये टोराँटोतच झाला. श्रमाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे निरीक्षण लंडनचे वैद्य आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदवले. लॉरेन्स स्वतः इन्सुलिनवर जगणारे मधुमेही होते.

निरोगी माणूस पेडल मारू लागला की काही मिनिटांतच स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते व ग्लुकागॉन (यकृतातून ग्लुकोज सोडवणारे संप्रेरक) वाढवते. स्नायू जेवढे ग्लुकोज खर्च करतात साधारण तेवढेच यकृत सोडत राहते. टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र परत बोलावता येत नाही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज ओढून घेतो (ग्लुट-४ हे वाहक प्रथिन कोशिकेच्या पृष्ठभागावर येते), त्यात टोचलेल्या इन्सुलिनची भर पडते आणि त्याच इन्सुलिनने यकृताचा पुरवठा रोखलेला असतो. लांब पल्ल्यातील बहुतेक 'हायपो' (रक्तशर्करा धोकादायक खाली जाणे) कमी खाल्ल्याने नव्हे, तर इन्सुलिन जास्त उरल्याने होतात. 'शुगर लो झाली की खा' एवढ्यावर विसंबणारा स्वार म्हणूनच पहिल्या दीडदोनशे किलोमीटरनंतर अडचणीत येतो: पोट आणखी गोड घ्यायला नकार देते आणि इन्सुलिन तर आत आहेच.

इन्सुलिन कोठे टोचावे हा प्रश्न सायकलस्वारांच्या बाबतीत विशेष चर्चिला गेला, कारण येथे राबतात त्या मांड्याच. कोइव्हिस्टो व फेलिग यांनी १९७८ मध्ये किरणोत्सारी आयोडीनने चिन्हांकित केलेले इन्सुलिन वापरून दाखवले की, सायकल चालवताना मांडीत टोचलेले इन्सुलिन जलद शोषले जाते. दंड वा पोट निवडल्यास रक्तशर्करेची घसरण सौम्य होते. त्यावरून 'पायात टोचू नका' हा नियम रूढ झाला व पुस्तकांतून आजही आढळतो. पुढच्याच वर्षी केमर, बेर्गर व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी याला हरकत घेतली. त्यांच्या मते श्रमातील घसरण शोषणाच्या वेगावर अवलंबून नसते. रक्तात इन्सुलिन आधीच पुरेसे असेल तर जागा बदलूनही ती टळत नाही. दोन्ही गटांचे प्रयोग त्या काळच्या साध्या इन्सुलिनवरचे व थोड्या वेळाचे होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या ग्लारजिनवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सायकल चालवूनही मांडीतून होणारे शोषण वाढलेले दिसले नाही. उलट, सुई त्वचेखालच्या चरबीऐवजी थेट स्नायूत गेली तर श्रमात शोषण झपाट्याने वाढते, याला चांगला आधार आहे. मुरलेल्या स्वाराच्या मांडीवर चरबी पातळ असते. तेव्हा पोट वा नितंब निवडण्याचे आजचे खरे कारण हे. मूळ कारणमीमांसा मागे पडली तरी नियम उपयोगी ठरला, असे म्हणता येईल.

मात्रेसंबंधी सध्या बहुधा २०१७ ची आंतरराष्ट्रीय सहमती प्रमाण धरतात (रिडेल व इतर). तिच्यानुसार निघताना रक्तशर्करा १२६ ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावी. निघण्यापूर्वीच्या जेवणाचा बोलस (जेवणापुरती इन्सुलिनची मात्रा) २५ ते ७५ टक्के कमी करावा. पंप (त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणारे यंत्र) असल्यास बेसल (दिवसभर चालणारी पायाभूत मात्रा) ६० ते ९० मिनिटे आधीच ५० ते ८० टक्क्यांनी उतरवावा. ही आगाऊ वेळ महत्त्वाची आहे. स्टार्ट लाइनवर पंप थांबवण्याचा फायदा तासाभराने दिसतो, तोवर पहिला चढ संपलेला असतो. पेनने दीर्घकालीन इन्सुलिन घेणाऱ्यास ही लवचिकता नाही. डेग्लुडेकसारख्या इन्सुलिनचा अर्धायुकाल सुमारे २५ तास असल्याने त्याची मात्रा दोन-तीन दिवस आधीपासून कमी करावी लागते. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके व प्रदीर्घ श्रमात ९० ग्रॅमपर्यंत, हे प्रमाण इतर सायकलस्वारांसारखेच आहे. मात्र ६० ग्रॅमच्या वर जायचे तर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज लागते व बऱ्याच स्वारांना त्यासोबत छोटा बोलसही घ्यावा लागतो. हे सर्व आकडे आरंभबिंदू होत. सरावाच्या राइडमध्ये, उपचार करणाऱ्या डॉक्टरांबरोबर ते प्रत्येकाला स्वतःपुरते ठरवावे लागतात.

शर्करा नेहमी खालीच जाते असे नाही. स्पर्धेची धास्ती, घाटातील जोर व वेगाचे झटके यांनी ॲड्रेनॅलिन उसळून ती वर जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ मध्ये श्रमाच्या शेवटी दहा सेकंदांचा स्प्रिंट घसरण रोखतो असे दाखवले. हा उपाय थकलेल्या स्वाराने पाचशेव्या किलोमीटरला किती वेळा वापरायचा, हा वेगळा भाग. चढावर वाढलेल्या शर्करेवर पूर्ण दुरुस्ती-मात्रा घेतली की ती पुढच्या उतारावर अंगलट येते.

दुसरा धोका विरुद्ध टोकाचा आहे. हायपोच्या भीतीने इन्सुलिन जवळजवळ बंद केले, किंवा घामाने सुटलेल्या पट्टीतून पंपाची नळी निसटली, तर काही तासांत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून बनणारी आम्लधर्मी द्रव्ये) साचतात. शर्करा २७० च्या वर गेल्यास कीटोन तपासावेत. रक्तातील कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटर वा अधिक असल्यास सायकल थांबवावी. मळमळ व थकवा ही लक्षणे दमणुकीच्या नावावर खपून जातात. कितीही अंतर असले तरी बेसल शून्यावर नेऊ नये.

लांबच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या, स्पर्धा नसलेल्या सायकल-राइडमध्ये) रात्र टळत नाही. ६०० किमी.ला ४० तास व पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या १,२०० किमी.ला ९० तास मिळतात. श्रमानंतर स्नायू व यकृत आपला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या ग्लुकोजचा) साठा भरून काढत असतात आणि इन्सुलिनची संवेदनशीलता २४ तास किंवा अधिक वाढलेली राहते. कंट्रोलवर (वाटेतील नोंदणी-थांब्यावर) दीड तास डोळा लागला की नेमकी तेव्हा घसरण होते. शिवाय आदल्या दिवशीचा हायपो दुसऱ्या दिवशीची धोक्याची सूचना बोथट करतो व दीर्घ श्रमही तेच करतो. थरथर व घाम येण्याऐवजी स्वार नुसता वळणे चुकवू लागतो. साध्या 'बॉन्क'मध्ये (इंधन संपून अंग गळून जाण्यात) स्नायूंचा साठा संपलेला असतो, हायपोत मेंदूचे इंधन तुटते. बाहेरून दोन्ही सारखे दिसत असल्याने मोजूनच ठरवावे. शर्करा ७० च्या खाली असल्यास थांबून जलद साखर घ्यावी. ५४ च्या खाली गेल्यास ती पूर्ववत होऊन स्थिरावेपर्यंत हँडल धरू नये. गेल्या २४ तासांत दुसऱ्याची मदत लागण्याइतका तीव्र हायपो झाला असेल तर मुळात निघूच नये. ग्लुकागॉनचे इंजेक्शन जवळ असावे, पण ते यकृतातील साठ्यावर काम करते. साठा आटलेल्या स्वारात त्याचा परिणाम तोकडा पडू शकतो.

दंडावरील सेन्सर (सीजीएम) रक्तातील नव्हे तर ऊतकद्रवातील ग्लुकोज मोजतो व वेगाने बदलणाऱ्या शर्करेमागे काही मिनिटे रेंगाळतो, म्हणून आकड्यापेक्षा पडद्यावरील, शर्करेचा कल दाखवणाऱ्या बाणाची दिशा आधी पाहावी. त्या कुशीवर झोपल्यास खोटा 'लो' दिसतो. बोटाच्या तपासणीत केळ्याने चिकट झालेले बोट खोटी उंच शर्करा दाखवते. पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब येथे कामी येतात.

या स्वारांना सार्वजनिक ओळख मिळाली ती अमेरिकेतील टीम टाइप १ मुळे. फिल सदरलँड व जो एल्ड्रिज यांनी उभारलेल्या या चमूने २००७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका या अमेरिका आडवी पार करणाऱ्या शर्यतीत आठ जणांच्या सांघिक गटात पहिला क्रमांक मिळवला. तिच्यातून २०१३ च्या हंगामापासून टीम नोव्हो नॉर्डिस्क हा सर्वच मधुमेही स्वारांचा व्यावसायिक संघ उभा राहिला. सुमारे ३०० किमी.च्या मिलान-सान रेमो शर्यतीतही तो उतरला आहे. इन्सुलिनच्या शताब्दीला, २०२१ मध्ये, टूर द फ्रान्समध्ये उतरण्याचे त्याचे जाहीर उद्दिष्ट साध्य झाले नाही. इन्सुलिन प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत असल्याने परवाना घेऊन उत्तेजक-चाचणीच्या कक्षेत शर्यत करणाऱ्यास उपचारासाठीची सूट आधी मिळवावी लागते.

महाराष्ट्रात या विषयाला दोन वेगळे संदर्भ आहेत. पुणे-गोवा दख्खन क्लिफहँगरसारख्या शर्यतीत मागून आधारगाडी असते. तीत शीतपेटी, पर्यायी पंप व आकडे वाचणारा सहकारी बसू शकतो. बीआरएममध्ये खासगी मदत फक्त कंट्रोलवर चालते, तेव्हा इन्सुलिन, सुया, कीटोनपट्ट्या व ग्लुकोजची पावडर दोन ठिकाणी विभागून अंगावर व हँडलबॅगेत न्यावी लागते. वापरात असलेले इन्सुलिन साधारणपणे ३० अंश सेल्सियसच्या वर राहू नये. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या दुपारी जर्सीच्या मागच्या खिशात हे जमत नाही. पाण्याने भिजवून बाष्पीभवनाने थंड राहणारी पिशवी बरी. बर्फाला थेट टेकलेले इन्सुलिन गोठते व निकामी होते. उष्णतेने त्वचेतील रक्तप्रवाह वाढून शोषणही जलद होते. वाटेवरच्या धाब्यावरील कपभर गोड चहा किंवा केळे हिशेबात धरता येते. पोहे वा साबुदाणा खिचडी तेलामुळे उशिरा चढते, त्यामुळे चालू हायपोवर ती उपयोगाची नाही. लिमलेटच्या गोळ्या त्या मानाने बऱ्या, पण चघळत न बसता चावून खाव्यात.