दीक्षांत कोल्हापुरात, पदवी प्रदान गावात: एमबीएवाल्यांचे दोन सोहळे

एमबीएचा निकाल लागला की सांगली-साताऱ्याकडच्या घरांत एक गोंधळ ठरलेला असतो. आधी कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ग्रॅज्युएशन सेरेमनी’चं निमंत्रण पडतं. काळा झगा, चौकोनी टोपी, पालकांना आग्रहाचं बोलावणं, शेवटी स्नेहभोजन. मग बऱ्याच दिवसांनी विद्यापीठाची सूचना निघते की दीक्षांत समारंभासाठी अर्ज भरा, शुल्क भरा. तोवर पोरगं पुण्याला नोकरीत रुळलेलं असतं. ते फोनवर म्हणतं, ‘पदवी घेतली की स्टेजवर, फोटो पण आहे. आता परत कसला अर्ज?’

फोटो आहे हे खरं. पदवी घेतली का, हे मात्र त्या फोटोत हातात असलेली फाईल उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्याकडे पदवी कोण देऊ शकतं हे कायद्यानं ठरलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत (डीम्ड) विद्यापीठाला किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. कॉलेज त्यात बसत नाही. कॉलेज शिकवतं, हजेरी घेतं, प्रोजेक्ट तपासतं. स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आखतं आणि परीक्षाही स्वतः घेतं, पण पदवी विद्यापीठाच्याच नावानं निघते. सांगलीचं वालचंद कॉलेज इतकी वर्षं स्वायत्त आहे, तरी तिथल्या अभियंत्याच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचंच नाव असतं. हे विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात सुरू झालं आणि आज त्याच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. म्हणजे मिरजेत किंवा कराडात बसून संलग्न कॉलेजात एमबीए केलं, तरी पदवी देणारा हात कोल्हापुरात.

तो हात पुढे होतो तो दीक्षांत समारंभात. वरवर बघता हाही एक कार्यक्रमच वाटतो, त्यातही जरा रटाळ. पण तिथे जे घडतं ते मुळात कायदेशीर काम आहे. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे राज्यपाल हे कुलपती असतात आणि ते हजर असतील तर दीक्षांताचं अध्यक्षपद त्यांचंच. ज्ञानदंड, म्हणजे विद्यापीठाचा मानदंड, घेतलेली मिरवणूक येते, सगळे उभे राहतात. मग एकेका विद्याशाखेचे अधिष्ठाता, म्हणजे डीन, आपापले स्नातक सादर करतात. एमबीएवाले वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेत, म्हणजे बी.कॉम., एम.कॉम.वाल्यांच्या सोबतीनं. अधिष्ठाता म्हणतात, हे पात्र ठरलेत, यांना पदवी द्यावी. उत्तरादाखल एक वाक्य उच्चारलं जातं आणि त्या वाक्यासरशी सभागृहातले, घरी बसलेले, ऑफिसात लॅपटॉपसमोर असलेले असे सगळेच्या सगळे पदवीधर होतात. नाव पुकारलं जात नाही, स्टेजवर जाणं होत नाही. स्टेज असतो सुवर्णपदकवाल्यांचा आणि पीएच.डी.वाल्यांचा. बाकीच्यांनी प्रमाणपत्र खिडकीवर रांग लावून घ्यायचं, नाहीतर नंतर येईल तेव्हा.

यात पोरांचा हिरमोड होतो आणि तो समजण्यासारखा आहे. साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटर यायचं, वडिलांनी दुकान बंद ठेवायचं, आणि आपलं नाव माईकवर यायचंच नाही. कोल्हापूरच्या दीक्षांताची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तिथे सोहळ्याच्या निमित्तानं ग्रंथदिंडी निघते, ग्रंथमहोत्सव भरतो. पालखीत पुस्तकं ठेवून टाळ वाजवत विद्यापीठात जाणं हे झगा-टोपीपेक्षा आपल्या मातीला कितीतरी जास्त शोभतं. आणि शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर फोटो काढल्याशिवाय आवाराबाहेर कोणी पडत नाही, ते वेगळंच.

कॉलेजातल्या पदवी प्रदान समारंभाची तऱ्हा याच्या बरोबर उलट. कायद्याच्या हिशेबात त्याला स्थान जवळजवळ नाही. माणसांच्या हिशेबात सगळं स्थान त्यालाच. साठ-सत्तर जणांची बॅच, त्यामुळे प्रत्येकाचं नाव पुकारलं जातं, आडनावासकट, गावासकट. पाहुणा म्हणून एखाद्या सहकारी बँकेचा अध्यक्ष, कुपवाडच्या एमआयडीसीतला उद्योजक नाहीतर आयुक्त पातळीवरचा माजी विद्यार्थी. भाषणात ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ हे वाक्य येणारच. ज्या दिवशी ते येणार नाही त्या दिवशी पाहुण्याचा सत्कार दोनदा करावा. पण खरं बघायचं असतं ते पालकांच्या खुर्च्यांकडे. तासगावकडून आलेली एखादी आई, जरीकाठी पातळ, हातात मोबाईल आडवा धरलेला. लेकीचं नाव आलं की ती फोटो काढायचं विसरून नुसती बघत राहते, आणि शेजारची अनोळखी बाई म्हणते, ‘द्या इकडं, मी काढते.’ टाळ्या सगळ्यांना सारख्या पडत नाहीत. कोणाला घरच्यांच्या, कोणाला मागच्या बाकावरच्या मित्रांच्या शिट्ट्यांसकट. सगळं आटोपल्यावर साताऱ्यात कंदी पेढे, सांगलीत जेवणाच्या ताटाला भडंगाची पुडी.

आता गोंधळाचं मूळ. कॉलेजचा हा समारंभ दोन वेगवेगळ्या वेळी होऊ शकतो आणि नाव दोन्हीला तेच असतं. काही कॉलेजं विद्यापीठाचा दीक्षांत होऊन प्रमाणपत्रं हातात आल्यावर समारंभ ठेवतात. तिथे स्टेजवर मिळतं ते खरं पदवी प्रमाणपत्र. विद्यापीठाची मुद्रा, कुलगुरूंची सही, सगळं जागच्या जागी. काही कॉलेजं मात्र बॅच पांगायच्या आत, निकालाच्या आगेमागेच सोहळा उरकतात. दोन महिन्यांनी बोलावलं तर निम्मे येणार नाहीत, हे त्यांचं म्हणणंही चुकीचं नाही. पण तेव्हा विद्यापीठानं पदवी दिलेलीच नसते. मखमली फाईलमध्ये असतो तो कॉलेजचा अभिनंदनपर कागद, प्राचार्यांच्या किंवा संचालकांच्या सहीचा. भिंतीवर लावायला उत्तम. पासपोर्टच्या, पीएच.डी.च्या किंवा सरकारी भरतीच्या कामाला शून्य. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर वास्तुशांत गावात झाली, सातबाऱ्यावर नाव अजून लागायचंय.

हा दुहेरी प्रकार आपल्याकडचाच, असं समजू नये. अमेरिकेत हार्वर्डला सकाळी अख्ख्या विद्यापीठाचा एकत्र सोहळा होतो. तिथे एकेका शाखेचे विद्यार्थी उभे राहतात आणि पदव्या घाऊक बहाल होतात. मग बिझनेस स्कूलची मुलं चार्ल्स नदीपलीकडे आपल्या आवारात जातात आणि तिथे नाव पुकारून कागद हातात मिळतो. शिवाय तिकडच्या कित्येक विद्यापीठांत स्टेजवर मिळणारं वेष्टन रिकामंच असतं, खरा कागद मागाहून पोस्टानं येतो. सांगलीच्या पोरानं हे ऐकलं तर त्याला जरा बरं वाटेल. फरक इतकाच की त्यांचे दोन्ही सोहळे एका दिवसात आटोपतात, आपल्या दोन सोहळ्यांत ऋतू बदलतो. खरं म्हणजे विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांच्या आत पदवी द्यावी असा आयोगाचा २००८ चा नियम आहे.

झग्यावरून दोन शब्द. काळा झगा आणि चौकोनी टोपी कॉलेजच्या समारंभात दिसली म्हणून तो दीक्षांत ठरत नाही. ती भाड्यानं मिळते, कोणीही घालावी. उलट विद्यापीठांकडेच झगा मागे पडत चाललाय. आयोगानं हातमागाचे पोशाख वापरा असं विद्यापीठांना सुचवलंय, आणि २०१० मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षांतात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वसाहतवादी अवशेष म्हणत अंगावरचा झगा भर मंचावर उतरवून ठेवला होता. तेव्हा वेशावरून सोहळा ओळखायला जाऊ नका.

नावावरून तर मुळीच नको. देशातल्या आयआयएम संस्था कित्येक दशकं थाटात दीक्षांत समारंभ करत होत्या, आणि त्यात देत होत्या पदविका. कारण त्या विद्यापीठ नव्हत्या. २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि मग त्यांना एमबीएची पदवी देता येऊ लागली. आजही पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका, शिकवणाऱ्या स्वतंत्र संस्था पदविकाच देतात, समारंभाला नाव काहीही असो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असेल तर त्या पदविकेला बाजारात किंमत असते, पण अर्जात ‘पदवी देणारं विद्यापीठ’ हा रकाना आला की तिथे लिहायला काही नसतं.

आपल्या भागात तर एकाच गल्लीतल्या दोन एमबीएंचे दीक्षांत वेगळ्या गावी होतात. सांगलीत भारती विद्यापीठाची व्यवस्थापन संस्था आहे. पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं भारती विद्यापीठ १९९६ पासून अभिमत विद्यापीठ आहे, मुख्यालय पुण्याला. तिथल्या मुलाच्या दीक्षांताला राज्यपाल कुलपती म्हणून नसतात, भारती विद्यापीठाचे स्वतःचे कुलपती असतात. साताऱ्यात २०२१ पासून रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, त्यामुळे त्या तीन ठिकाणच्या मुलांना दीक्षांतासाठी कोल्हापूरकडे बघायची गरज उरलेली नाही. म्हणून ‘माझ्या मित्राला मिळाली, मला का नाही?’ असं विचारण्याआधी दोघांच्या गुणपत्रिकेवर सगळ्यात वर कोणाचं नाव छापलंय ते बघावं.

मग जायचं कुठे? माझं मत सरळ आहे. पदक नसेल तर कोल्हापूरच्या गर्दीत आईवडिलांना तिष्ठत ठेवण्यापेक्षा कॉलेजच्या समारंभाला त्यांना घेऊन या. दोन वर्षं फी ज्यांनी भरली त्यांच्यासमोर नाव पुकारलं जाणं याला मोल आहे, आणि ते मोल विद्यापीठाच्या सभागृहात मिळणार नाही. दीक्षांताला गेलं नाही म्हणून पदवीच्या किंमतीत काडीचा फरक पडत नाही. अनुपस्थितीत घेतलेली पदवी तितकीच अस्सल. पण अर्ज मात्र चुकवायचा नाही. समारंभाला न जाणं आणि अर्ज न भरणं या दोन गोष्टी पोरं एकच समजतात, आणि मग तीन वर्षांनी बढतीच्या वेळी मूळ पदवी मागितली की विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खेटे सुरू होतात.

अर्ज भरताना नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच, त्याच क्रमानं लिहा. आपल्याकडे आडनाव आधी की नंतर याचा घोळ कायमचा, आणि त्यात आईच्या नावाचं स्पेलिंग. एकदा छापलं की दुरुस्तीला वेगळा अर्ज, वेगळं शुल्क. मधल्या काळात कंपनीनं विचारलं तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालतं, ते निकालानंतर मागून घेता येतं. विद्यापीठानं पदवी डिजिलॉकरवर चढवली असेल तर तीही वैध धरावी असं आयोगानं कळवलेलं आहे. परदेशी जायचा विचार असेल तर पदवीसोबत ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, हीही त्याच खेपेत मागा. ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या सही-शिक्क्याचीच लागते, कॉलेजच्या लेटरहेडवरची बाहेर कोणी विचारत नाही.