घरोघरची दप्तरे: बेळगाव सीमाभागातील स्थानिक कागदसंग्रहांची पार्श्वभूमी

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या एखाद्या गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास कागदांवरून लावायचा, तर आधी विचारावे लागते की त्या त्या वर्षी ते गाव कोणाच्या अमलाखाली होते. कारण इथला सरकारी कागद गावाजवळ थांबला नाही. राजवट जिकडे गेली तिकडे तो गेला. दगडांचीही तीच गत झाली. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले, इ.स. १२०४ चे बेळगावचे दोन कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

१८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनानी थॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. त्याआधी या मुलखात पेशवे, पटवर्धन, कोल्हापूरकर छत्रपती, निपाणकर आणि कित्तूरकर देसाई यांचे अंमल एकमेकांत गुंतलेले होते. इंग्रजांनी हा भाग आधी धारवाड जिल्ह्यात घातला आणि १८३६ मध्ये बेळगाव जिल्हा वेगळा केला. पण हा जिल्हाही सलग नव्हता. बेळगावला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते, तर रायबाग आणि कटकोळ कोल्हापूरकडे. त्यामुळे शहापूरच्या विणकराचा तंटा सांगलीच्या दप्तरात आणि त्याचे लुगडे विकणाऱ्या बेळगावच्या व्यापाऱ्याचा तंटा मुंबई इलाख्याच्या दप्तरात नोंदला गेला. सांगली १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आज एकाच गल्लीचा माग काढणाऱ्याला पुण्याचे पेशवे दप्तर, कोल्हापूरचे पुराभिलेखागार, मुंबईचे अभिलेखागार आणि धारवाड-बेंगळुरू अशा वाटा तुडवाव्या लागतात.

गावात राहिले ते घरचे दप्तर. पाटीलकी, कुलकर्णीपण, देसगत यांच्या सनदा, महजर (सभेचे निवाडे), करीने (हकीकतीचे कागद), वाटणीपत्रे, सावकारीच्या कीर्द-खतावण्या, देवस्थानचे हिशेब. यातही एक पेच आहे. इनामांची चौकशी १८४३ मध्ये सुरू झाली ती याच दक्षिणी मराठा मुलखात. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. इनामदारांना आपले कागद हजर करावे लागले. म्हणून घरातल्या बासनात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, पुष्कळदा असल सनदेऐवजी नक्कल सापडते. नक्कल मिळाली म्हणून ती बाजूला टाकू नये. असल हरवली असेल, तर तीच एकमेव साक्ष असते. आणि नक्कल कोणी, कधी, कोणत्या कामासाठी केली हेही तिच्या शेवटी बहुधा लिहिलेले असते.

हे घरचे दप्तर खरे मोडकळीस आले १९५० च्या आसपास. तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. मोडी शाळांतून गेली, त्यामुळे पुढच्या पिढीला आजोबांचे अक्षर लागेना. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द केली, म्हणजे ज्या हक्कासाठी कागद जपले तो हक्कच उरला नाही. उरलेली गावकामगार वतने म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने संपली. आणि मध्येच १९५६ ला राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली. वाचता येत नाही, उपयोग नाही आणि कचेरीत कोणी विचारत नाही, अशा कागदाला माळ्यावर जागा मिळाली हेच पुष्कळ. कागदांचे किती तरी रुमाल (कापडी गाठोडी) बंबात गेले, रद्दीत गेले. हा तोटा कोणत्याही सरकारी दप्तरातून भरून येणारा नाही.

दुसरा थर छापील आणि संस्थात्मक आहे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८ पासूनची. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना याच शहरात झाली. ‘तरुण भारत’ १९१९ मध्ये सुरू झाले, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे काँग्रेस अधिवेशन १९२४ मध्ये भरले, मराठी साहित्य संमेलन १९२९ आणि १९४६ मध्ये झाले. १९४६ च्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. या सगळ्यामागे वाचनालये, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे, शिक्षणसंस्था होत्या आणि त्यांची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या, हस्तपत्रके होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात असल्याने आसपासच्या खेड्यांत फौजी टपालाची पत्रेही निघतात. सेन्सॉरचा शिक्का असलेली ही पाकिटे लोक तिकिटासाठी किंवा शिक्क्यासाठी कापून घेतात आणि पत्राची तारीख-ठिकाण शोधायचा धागाच तुटतो.

१९५६ नंतर कागद जमवण्याला नवे कारण मिळाले ते सीमाप्रश्नाचे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांची भाषा कोणती, हे दाखवण्यासाठी शाळांची जनरल रजिस्टरे, मतदारयाद्या, खातेउतारे, ग्रामपंचायतींचे ठराव गोळा झाले. २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर हे काम वाढले. त्या मेहनतीमुळे अनेक कागद वाचले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण पुराव्यासाठी जमवलेला संग्रह पुराव्यापुरताच असतो. ज्यातून भाषा सिद्ध होते तेवढे उचलले गेले. निपाणीच्या तंबाखू वखारीचे हजेरीपट, शहापूरच्या मागावरचे सुताचे हिशेब, नंदगडच्या बाजारपेठेतल्या आडतीच्या वह्या, बायकांनी माहेरी लिहिलेली पत्रे मागे राहिली. त्याच घरातले कन्नड कागदही मागे राहिले. इथल्या कितीतरी घरांत बाप मोडीत जमाखर्च लिही आणि शेतसाऱ्याची पावती कन्नडमध्ये येई. बासनातून कन्नड कागद वेगळे काढले, तर मराठी कागदांचाही अर्थ अर्धा होतो.

म्हणूनच स्थानिक संग्रहाचा पहिला नियम: आलेल्या बासनाचा क्रम मोडायचा नाही. रुमाल सोडताना बांधलेल्या स्थितीत एक छायाचित्र घ्यावे, गाठीत खोचलेली चिठ्ठी तिथेच नोंदवावी, प्रत्येक कागदाला मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात क्रमांक द्यावा. विषयवार फाइली करण्याचा मोह फार होतो. ‘सनदा इकडे, पत्रे तिकडे’ असे केले की सनद कोणत्या भांडणासाठी बाहेर काढली होती, हे शेजारच्या पत्रातून कळायचे ते कळत नाही. कागद कोणाच्या घरून, कोणत्या तारखेला, कोणाच्या हस्ते आला याची नोंद तर कोर्टातही लागते. तीस वर्षांहून जुन्या दस्ताबद्दल पुरावा कायद्यात जे गृहीतक आहे, ते दस्त योग्य ताब्यातून आला असेल तरच लागू होते.

इथला पावसाळा कागदाचा मोठा वैरी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापुरात ती त्याहून बरीच वर असते. कपाट भिंतीपासून चार-सहा इंच सुटे ठेवावे, खालचा कप्पा रिकामा सोडावा, खोलीत साधा आर्द्रतामापक टांगावा. दप्तर उघडून चाळण्याचे काम नोव्हेंबर ते मे या काळात उरकावे. कसर लागलेले पण कोरडे बासन प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले की किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, उघडायची नाही, नाहीतर दव धरते. डांबराच्या गोळ्या, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या तिन्हींपासून लांब राहावे. यातले लॅमिनेशन सर्वांत घातक, कारण ते परत काढता येत नाही.

जुना कागद नाजूक आणि नवा टिकाऊ, ही समजूतही सोडावी. हातकागदावर काजळीच्या शाईने बोरूने लिहिलेले १७८० चे पत्र उजेडाने फिके पडत नाही, फक्त पाण्याने पसरते. उलट इंग्रजी अमदानीतली लोहयुक्त शाई कागद खाते, आणि १९५० च्या दशकातले वर्तमानपत्र लाकडाच्या लगद्यातल्या आम्लामुळे घडीवर तुटते. स्कॅनिंगचा क्रम लावताना आधी वर्तमानपत्रे आणि हस्तपत्रके घ्यावीत, सनदा नंतर.

स्कॅन छापील मजकुराचे ३०० आणि मोडीचे ४०० डीपीआयने, रंगीत, टिफ स्वरूपात. ए-४ आकाराचे एक पान ४०० डीपीआयला साधारण ४६ एमबी होते. म्हणजे दहा हजार पानांना सुमारे ४६० जीबी, आणि तेही तीन प्रतींत, त्यातली एक दुसऱ्या गावी. वाचकांसाठी हलकी जेपेग प्रत वेगळी करावी. मोडी कागदाची मागची बाजू कोरी दिसली तरी घ्यावी. दोन कागद चिकटवलेल्या जोडावरचा शिक्का आणि दप्तरी नोंद झाल्याचा ‘बार’चा शेरा तिथेच असतो. फाइलच्या नावात गावाचे नाव घालण्याऐवजी क्रमांक घालावा, कारण नंतर गाव चुकीचे ठरले तर शेकडो फाइलींची नावे बदलावी लागतात.

कागद लोकांपुढे ठेवणे म्हणजे नुसती चित्रे टाकणे नव्हे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. लिप्यंतर जोडले नाही तर शंभरात एखाद्यालाच ते वाचता येईल. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण हस्तलिखित मोडी यंत्राने बिनचूक वाचून घेता येईल, असा भरवसा अजून धरू नये. शोधासाठी देवनागरी लिप्यंतरच द्यावे. त्यातही दोन ठिकाणी हमखास चुका होतात. एक, आकडे. ‘३॥।=’ म्हणजे तीन रुपये चौदा आणे: प्रत्येक उभा दंड चार आण्यांचा, आडवी रेघ एका आण्याची. हे न कळल्याने सारे हिशेब ‘तीन रुपये’ म्हणून उतरतात. दोन, तारखा. ‘सु॥ इसन्ने अशर मयातैन व अलफ’ याची फोड दोन, दहा, दोनशे, हजार. म्हणजे सुहूर सन (मराठी दप्तरांतला अरबी आकड्यांचा सन) १२१२. त्यात ५९९ मिळवले की इ.स. १८११ येते, पण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांचा कागद १८१२ चा. शकाला ७८ मिळवतात, फसली या महसुली सनाला ५९०. एकाच बासनात तिन्ही सन येतात, म्हणून नोंदीत मूळ सन जसाच्या तसा लिहून शेजारी इसवी सन द्यावा.

कागद देणाऱ्याचा हक्क लेखी ठरवून घ्यावा. पत्र ज्याला आले त्याच्या घरी असले, तरी त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. शाळेच्या रजिस्टरात जात, जन्मतारीख, बापाचा धंदा असतो. हयात माणसांच्या नोंदी उघड्या करू नयेत. कर्जखते आणि जातपंचायतीचे निवाडे टाकण्याआधी त्या घरांशी बोलावे, नाही म्हणाले तर मुदत ठरवून बंद ठेवावेत. घराण्यांची वंशावळ सांगत गावोगाव फिरणाऱ्या हेळव्यांचे कथन ध्वनिमुद्रित करतानाही हेच: ती त्यांची उपजीविका आहे, फुकट टाकायची वस्तू नाही.

सूचीत प्रत्येक गावाची सगळी नावे हवीत. बेळगाव, बेळगावी, इंग्रजी कागदांतले बेलगाम. निपाणी आणि निप्पाणी. मराठीत शोधणाऱ्याला कन्नड पावती आणि कन्नडमध्ये शोधणाऱ्याला मोडी खतावणी एकाच क्रमांकाखाली सापडावी, म्हणून नोंदीचा सारांश दोन्ही भाषांत दोन-दोन ओळींचा द्यावा आणि तो गावातल्याच, दोन्ही भाषा येणाऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. आडनावे आणि शेतांची नावे ओळखण्यात बाहेरचा अभ्यासक तिथेच सर्वाधिक चुकतो.