नव्व्याण्णवावा खटला

एका न्यायाधीशाच्या हातून वर्षाला सरासरी १०० खटले निकाली निघतात असं धरू. दाखल होतात ८०. रांगेच्या अगदी साध्या गणितानुसार दाखल झाल्यापासून निकालापर्यंत एका खटल्याला सरासरी १८ दिवस लागतील. दाखल होणारे ९० झाले की ३६ दिवस, ९५ झाले की ७३, आणि ९९ झाले की अख्खं वर्ष! खटले वाढले जेमतेम चोवीस टक्के, वेळ मात्र वीसपट. १०१ झाले तर सरासरी काढण्यातच अर्थ नाही. रांग वाढतच राहते.

असं का? खटले मोजूनमापून येत नाहीत. एखाद्या आठवड्यात दोन, तर पुढच्यात सहा. मोकळा गेलेला दिवस साठवून ठेवता येत नाही, आणि गर्दीच्या दिवसाची थकबाकी तर मागे उरतेच. हे गणित कोर्टासाठी जन्मलं नव्हतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञानं १९०९ साली फोन कॉलच्या गर्दीवर लेख लिहिला, तिथून ते सुरू झालं. खरं कोर्ट याहून बेभरवशाचं. साक्षीदार येत नाही, वकील मुदत मागतात, आणि एकच खटला दहांचा वेळ खातो.

आता खटले वाढतात कशामुळे? माणसं वाढली म्हणून, हे अर्धंच उत्तर. तंटा एकट्याचा नसतो, त्याला किमान दोघं लागतात. दहा माणसांत ४५ जोड्या होतात, वीस माणसांत १९०. अर्थात प्रत्येकाचा प्रत्येकाशी व्यवहार नसतो, त्यामुळे खटले काही चौपट होत नाहीत. पण अर्थव्यवस्था वाढते तेव्हा नेमके अनोळखी माणसांतले व्यवहार वाढतात. ओळखीत शब्दावर भागतं, भांडण झालं तर चार वडीलधारे मिटवतात. अनोळखी माणसाशी करार करावा लागतो. कर्ज, विमा, भाडेपट्टा, नोकरी, भागीदारी असा प्रत्येक कागद म्हणजे उद्याचा संभाव्य दावा. वाहनं वाढली की अपघाताच्या भरपाईचे दावे आलेच. शिवाय नवे व्यवहार नवे कायदे आणतात, आणि नव्या कायद्याचा अर्थ लावायला पुन्हा कोर्टच लागतं.

जमिनीचं तर विचारूच नका. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे जमीन स्वस्त असतानाचं शहाणपण. बांधावरची हातभर जागा सोन्याच्या भावाची झाली की वकिलाची फी परवडायला लागते. मंदीतही सुटका नाही. तेव्हा नवे करार कमी होतात, पण थकलेली कर्जं आणि दिवाळखोरीची प्रकरणं पुढे येतात.

न्यायाधीश वाढवले की रांग आखडते, हे खरं. गणित इथे आपल्या बाजूनं चालतं, थोड्या वाढीनंही मोठा फरक पडतो. मात्र जुनी थकबाकी संपवायला आवकेपेक्षा जास्त खटले दीर्घकाळ निकाली निघावे लागतात. आणि लवकर निकाल लागतो असं लोकांना कळलं, की इतकी वर्षं ‘कोण झिजवणार चपला’ म्हणून घरी बसलेली माणसंही कागदपत्रं घेऊन येतात.